डीप पर्पल एवढे मोठे झाले कसे? सारखे विचारले जाणारे प्रश्न

मी शनिवार-रविवार डोंबिवलीत पोरांना गिटार शिकवतो. क्लासला आलेलं प्रत्येक पोरगं दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात डीप पर्पलच्या 'स्मोक ऑन द वॉटर'चा तो रिफ (म्हणजे परत परत येणारा गिटारचा तुकडा) वाजवतंच, तोच तो, शून्य-तीन-पाच वाला, आणि मग विचारतं सर हे मूळ वाजवणारे कोण, कुठले, एवढे फेमस कसे काय झाले. दरवेळी तेच सांगून सांगून घसा बसला म्हणून एकदाच सगळं टाइप करून ठेवतोय. मी जुना फॅन आहे त्यामुळे बाजू घेऊन लिहिणार, ते आधीच सांगितलेलं बरं.

हे लोक कुठले आणि बँड काढला कोणी?

इंग्लंडचे. पण ज्याच्या डोक्यातून हा बँड निघाला तो माणूस बँडमध्ये टिकलाच नाही. त्याचं नाव ख्रिस कर्टिस, द सर्चर्स नावाच्या लिव्हरपूलच्या पॉप बँडचा ड्रमर. १९६७ मध्ये तो टोनी एडवर्ड्स नावाच्या लंडनच्या एका व्यापाऱ्याकडे गेला आणि म्हणाला पैसे लावा, आपण 'राउंडअबाउट' नावाचा बँड काढू. म्हणजे जत्रेत गोल फिरणारं मेरी-गो-राउंड असतं ना तसं, वाजवणारे चढणार, फिरणार, उतरणार, मध्ये फक्त कर्टिस कायम. एडवर्ड्सने जॉन कोलेटा वगैरेंना सोबत घेऊन खरंच पैसे लावले! कर्टिसने ऑर्गनवाला जॉन लॉर्ड आणला, हॅम्बुर्गला बसलेल्या रिची ब्लॅकमोरला गिटारसाठी बोलावून घेतलं आणि मग स्वतःच हळूहळू गायब झाला. चक्रातून पहिला उतरला तो चक्राचा मालकच.

राहिले लॉर्ड आणि ब्लॅकमोर. त्यांनी बेसला निक सिम्पर घेतला, 'द मेझ' नावाच्या बँडमधून गायक रॉड इव्हान्स आणि ड्रमर इयन पेस असे दोघं उचलले. पेस तेव्हा १९ वर्षांचा. हर्टफर्डशरमध्ये डीव्ह्ज हॉल नावाचं जुनं घर भाड्याने घेऊन तिथे प्रॅक्टिस केली आणि एप्रिल १९६८ मध्ये डेन्मार्कला पहिले कार्यक्रम केले.

आणि हे 'डीप पर्पल' नाव कुठून आलं? ड्रग्जवरून का?

नाही हो. ब्लॅकमोरच्या आजीचं आवडतं गाणं होतं ते, जुनं, १९३० च्या दशकातलं, संथ पियानोवरचं. गिनेस बुकात पुढे ज्यांची आवाजासाठी नोंद झाली त्यांचं नाव आजीच्या आवडीचं आहे, हे मी क्लासमध्ये सांगितलं की पोरींना फार आवडतं आणि मेटलवाली पोरं जरा हिरमुसतात.

पहिलंच गाणं अमेरिकेत हिट झालं म्हणतात. मग स्ट्रगल कसला?

हो, 'हश'. जो साउथने लिहिलेलं गाणं, यांनी आपल्या पद्धतीने वाजवलं, १९६८ मध्ये अमेरिकेत चौथ्या नंबरपर्यंत गेलं. पहिला अल्बम त्यांनी जेमतेम तीन दिवसांत रेकॉर्ड केला होता, आणि बँड सुरू होऊन सहा महिने झालेले नसताना अमेरिकेत टॉप पाच, म्हणजे स्वप्नच ना.

पण घरी इंग्लंडमध्ये कोणी हुंगलं पण नाही. गाणं स्वतःचं नाही, दिसायला-वागायला थोडे अमेरिकन सायकेडेलिक बँडची नक्कल, आणि अमेरिकेतली जी कंपनी होती, टेट्राग्रॅमॅटन, ती पैसे उधळून १९७० च्या आसपास बुडाली. पुढचं गाणं 'केंटकी वुमन' तिथे कसंबसं ३८ व्या नंबरला जाऊन थांबलं. त्यात १९६८ च्या शेवटी क्रीम या तेव्हाच्या मोठ्या बँडच्या निरोपाच्या टूरमध्ये त्यांच्या आधी वाजवायला मिळालं होतं, तेही थोडेच शो करून हातचं गेलं. वर्षभरात तीन अल्बम, एक परदेशी हिट आणि खिशात फारसं काही नाही अशी अवस्था. मला विचाराल तर 'हश' हा त्यांचा पहिला यशाचा टप्पा नव्हताच, ती लॉटरी होती, आणि लॉटरी लागलेल्या माणसाचं जे होतं तेच झालं.

मग गायक आणि बेसवाल्याला काढलं का? त्यांचं काय चुकलं?

चुकलं काही नाही. इव्हान्सचा आवाज छान होता, पण मऊ, प्रेमगीतं गाणाऱ्याचा. लॉर्ड, ब्लॅकमोर आणि पेसला आता जोरात वाजवायचं होतं, त्यांना ओरडणारा माणूस पाहिजे होता. ब्लॅकमोरने आपल्या जुन्या ओळखीच्या ड्रमरला, मिक अंडरवुडला विचारलं, तो एपिसोड सिक्स नावाच्या बँडमध्ये होता, त्याने आपल्याच बँडचा गायक सुचवला. इयन गिलन. बिचाऱ्या अंडरवुडने स्वतःच्याच बँडला सुरुंग लावला म्हणायचं. गिलनबरोबर त्याचा गाणी लिहिणारा जोडीदार रॉजर ग्लव्हर पण आला, बेसवर, आणि तोही ठेवून घेतला.

आता जे झालं ते मात्र मला फॅन असूनही पटत नाही. १९६९ च्या उन्हाळ्यात लंडनमधल्या हॅनवेलच्या कम्युनिटी सेंटरमध्ये नवीन पाच जणांची प्रॅक्टिस चालू, आणि रात्री स्टेजवर जुने पाच जण वाजवतायत! इव्हान्स आणि सिम्परला पत्ताच नाही. दिवसा एका घरात, रात्री दुसऱ्या घरात, असला प्रकार. पण त्या हॅनवेलच्या खोलीत जे पाच जण जमले ना, लॉर्ड, ब्लॅकमोर, पेस, गिलन, ग्लव्हर, त्यांनाच फॅन लोक 'मार्क टू' म्हणतात आणि जग ज्याला डीप पर्पल म्हणून ओळखतं ते हेच.

मार्क वन, मार्क टू, मार्क थ्री हे काय आहे?

माणसं बदलली की नंबर बदलतो, बस. कर्टिसचं मेरी-गो-राउंड शेवटी खरं झालं.

हार्ड रॉक बँडने रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये ऑर्केस्ट्राबरोबर कसं काय वाजवलं?

ही माझी आवडती गोष्ट. लॉर्ड शास्त्रीय पियानो शिकलेला, त्याला बँड आणि ऑर्केस्ट्रा एकत्र असं काहीतरी लिहायचं होतं, बोलता बोलता तो तसं मॅनेजरपाशी बोलून गेला. मॅनेजरने काय करावं, सरळ जाऊन अल्बर्ट हॉलची तारीख बुक केली. २४ सप्टेंबर १९६९. लॉर्डने तोवर काहीही लिहिलेलं नाही! मग बाकीचे झोपायला गेले की हा बसायचा लिहायला, रात्र रात्र. रॉयल फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्रा, कंडक्टर माल्कम अरनॉल्ड, म्हणजे त्या जगातलं मोठं नाव. रिहर्सलला ऑर्केस्ट्रातल्या मंडळींनी नाकं मुरडली, अरनॉल्डने त्यांना झापून सरळ केलं. गिलनने आपले शब्द शेवटच्या क्षणी लिहिले.

कार्यक्रम गाजला, पेपरात छापून आलं, इंग्लंडमध्ये पहिल्यांदाच नाव झालं. आणि तिथेच गोची झाली, कारण लोकांना वाटलं हे ऑर्केस्ट्रावालेच. पुढच्या गावात साध्या क्लबमध्ये वाजवायला गेले तर लोक विचारायचे बाकीचे नव्वद जण कुठायत. लग्नात एकदा ढोल वाजवला की पुढच्या प्रत्येक लग्नाला ढोलासाठीच बोलावतात ना, तसं.

ब्लॅकमोर वैतागला. त्याने लॉर्डला सांगितलं की पुढचा अल्बम फक्त रॉक, तो नाही चालला तर मी आयुष्यभर तुझ्या ऑर्केस्ट्राबरोबर वाजवीन.

तो अल्बम चालला?

चालला? दादा, तो 'इन रॉक'! जून १९७०. कव्हरवर अमेरिकेतला तो माउंट रशमोरचा डोंगर आणि राष्ट्राध्यक्षांच्या जागी या पाच जणांची तोंडं कोरलेली. उद्धटपणा बघा, अजून इंग्लंडमध्ये धड एक हिट नाही आणि तोंडं डोंगरावर.

रेकॉर्डिंग एका दमात झालं नाही, ऑक्टोबर १९६९ ते एप्रिल १९७० असं कार्यक्रमांच्या मधून मधून, जो स्टुडिओ मिळेल तिथे. आणि माझ्या मते तोच फायदा झाला. गाणी आधी स्टेजवर वाजवून वाजवून तासली गेली, मग टेपवर गेली. लॉर्डने काय केलं होतं, आपला हॅमंड ऑर्गन नेहमीच्या लेस्ली स्पीकरऐवजी गिटारच्या मार्शल अँपमधून (अँप म्हणजे आवाज वाढवणारा अँप्लिफायर) फिरवायला सुरुवात केली होती. त्यामुळे ऑर्गन असा गुरगुरतो की नवीन ऐकणाऱ्याला ती दुसरी गिटार वाटते. माझ्या क्लासमधली निम्मी पोरं पुढे आलेल्या 'हायवे स्टार'मधला ऑर्गनचा सोलो ऐकून "सर हा कुठला पेडल" असं विचारतात, म्हणजे गिटारचा आवाज बदलणारं ते पायाखालचं यंत्र. पेडल नाही रे बाबा, ती पेटीची थोरली बहीण आहे.

अल्बम इंग्लंडमध्ये चौथ्या नंबरपर्यंत गेला आणि वर्षाच्या वर यादीत राहिला. खरं नाव झालं ते इथे.

'चाइल्ड इन टाइम' आणि मुंबईचा काहीतरी संबंध आहे असं ऐकलं. फेकाफेकी ना?

नाही, थोडासा आहे, पण नावापुरता. सॅन फ्रान्सिस्कोच्या 'इट्स अ ब्यूटिफुल डे' या बँडची एक धून होती, नाव 'बॉम्बे कॉलिंग'. लॉर्ड प्रॅक्टिसमध्ये ती सहज वाजवत बसला होता, बाकीच्यांनी पकडली, वेग कमी केला, गिलनने त्यावर शब्द रचले आणि दहा मिनिटांचं 'चाइल्ड इन टाइम' झालं. म्हणजे लपवाछपवी नाही, बँडवाल्यांनी स्वतःच हे सांगितलंय. आणि त्या अमेरिकन बँडनेही नंतर पर्पलच्या 'रिंग दॅट नेक'वरून एक धून केली, त्यामुळे फिटंफाट.

मुंबई म्हणून त्यात काही ऐकू येतं का तर मला तरी नाही येत. मामाने मात्र आम्हाला लहानपणी ठासून सांगितलं होतं की हे गाणं मुंबईवरून घेतलंय, आणि आम्ही शाळेत जाऊन तेच ठासून सांगायचो.

सिंगल म्हणून पहिला मोठा हिट कोणता मग? 'इन रॉक'मधलाच ना?

उलट. अल्बममध्ये सिंगल, म्हणजे एकटंच वेगळं विकायला, काढण्यासारखं छोटं गाणंच नव्हतं, कंपनी मागे लागली की रेडिओसाठी काहीतरी द्या. हे लोक जवळच्या पबमध्ये गेले, व्यवस्थित चढवून परत आले आणि ब्लॅकमोरने रिकी नेल्सनच्या 'समरटाइम'मधल्या जुन्या बेसलाइनवरून एक रिफ काढला. झालं 'ब्लॅक नाइट'. शब्दांना फारसा अर्थ नाही, त्यांना स्वतःलाही ते काही ग्रेट वाटलं नव्हतं. इंग्लंडमध्ये दुसऱ्या नंबरवर गेलं, १९७० साली.

यांचं हे असं आयुष्यभर चाललंय, जे घाम गाळून केलं त्याला बरं म्हटलं लोकांनी, आणि जे असंच करून टाकलं ते डोक्यावर घेतलं. पुढे बघा अजून.

'फायरबॉल'बद्दल कोणी बोलत का नाही?

बोलायला पाहिजे खरं तर. सप्टेंबर १९७१ मध्ये इंग्लंडमध्ये पहिल्या नंबरवर गेलेला त्यांचा पहिला अल्बम आहे तो. सुरुवातीला जो घूंऽऽ आवाज येतो ना तो स्टुडिओतलं एसीचं मशीन चालू केल्याचा आहे. मला तो अल्बम विस्कळीत वाटतो, गिलनचा मात्र लाडका.

ती आगीची गोष्ट खरी आहे का?

शंभर टक्के खरी, आणि गाण्यात जवळपास बातमीसारखी सांगितली आहे, त्यामुळे शब्द नीट ऐकले तर मला हा प्रश्न विचारावा लागणार नाही. पण सांगतो.

डिसेंबर १९७१. पुढचा अल्बम करायला बँड स्वित्झर्लंडमध्ये मॉन्त्रोला गेला, जिनिव्हा सरोवराच्या काठी. रोलिंग स्टोन्सचा फिरता स्टुडिओ, म्हणजे ट्रकमध्ये बसवलेली सगळी रेकॉर्डिंगची यंत्रणा, ती भाड्याने आणली होती. प्लॅन असा की तिथला कसिनो हिवाळ्यात बंद होतो, तर त्या रिकाम्या हॉलमध्ये, स्टेजवर वाजवल्यासारखं, रेकॉर्ड करायचं. बंद व्हायच्या आधी शेवटचा कार्यक्रम अमेरिकन रॉकवाल्या फ्रँक झॅपाचा, ४ डिसेंबरला. पर्पलवाले पण बघायला गेलेले.

कार्यक्रम चालू असताना गर्दीतल्या कोणीतरी फ्लेअर गन, ती जहाजावर संकटात उडवतात ती, वर छताकडे मारली. छताने पेट घेतला. झॅपाने माइकवरून लोकांना शांतपणे बाहेर पडायला सांगितलं, मॉन्त्रो जॅझ फेस्टिव्हलवाला क्लॉड नॉब्स आत धावून धावून पोरांना बाहेर काढत होता, गाण्यातला 'फंकी क्लॉड' तो हाच. नशीब की कोणी मेलं नाही. कसिनो मात्र संपूर्ण जळाला, झॅपाची सगळी वाद्यं गेली, आणि त्या माणसाचं ग्रहमान इतकं वाईट की आठवड्याभरातच लंडनमध्ये एका प्रेक्षकाने त्याला स्टेजवरून खाली ढकललं, तो पुढे किती महिने जायबंदी.

पर्पलवाले हॉटेलच्या खिडकीतून बघतायत, कसिनो जळतोय आणि धूर सरोवराच्या पाण्यावर पसरतोय. काही दिवसांनी ग्लव्हर झोपेतून उठता उठता ते शब्द पुटपुटला, 'स्मोक ऑन द वॉटर'. गिलनला सांगितलं तर त्याला पहिल्यांदा ते ड्रग्जचं गाणं वाटलं, नको म्हणाला.

कसिनो जळाला मग अल्बम केला कुठे?

हे कोणी फारसं विचारत नाही, पण खरी मजा इथे आहे.

नॉब्सने आधी त्यांना 'पॅव्हिलियन' नावाचं एक जुनं थिएटर मिळवून दिलं. गावाच्या मधोमध. रात्री यांनी वाजवायला सुरुवात केली, शेजाऱ्यांची झोप उडाली, पोलीस आले. आत ब्लॅकमोरचा एक नवीन रिफ रेकॉर्ड होत होता, तेव्हा त्याला नावच नव्हतं. बाहेर पोलीस दार ठोठावतायत आणि सामान उचलणारी पोरं आतून दार दाबून उभी, टेक (एका दमात केलेलं रेकॉर्डिंग) पूर्ण होईपर्यंत. टेक झाला, दार उघडलं, पोलिसांनी हाकललं. त्या थिएटरमध्ये तेवढीच एक गोष्ट रेकॉर्ड झाली.

मग शोधत शोधत सापडलं ग्रँड हॉटेल, हिवाळ्यासाठी बंद, आत गारठा नुसता. तळमजल्याच्या कॉरिडॉरमध्ये ड्रम आणि अँप मांडले, आवाज घुमू नये म्हणून खोल्यांमधल्या गाद्या काढून भिंतींना लावल्या, मोठे हीटर भाड्याने आणले. ट्रक बाहेर उभा. वाजवलेलं ऐकायचं असेल तर कॉरिडॉरमधून उठून खोल्यांमधून, बाल्कन्यांमधून, थंडीत कुडकुडत ट्रकपर्यंत जायचं आणि तसंच परत. दोन-चारदा गेले आणि मग कंटाळून सोडून दिलं, म्हणाले आपल्याला बरं वाटलं की टेक बरा. मी पोरांना हे सांगतो की बाबांनो, तुम्ही प्रत्येक चार ओळींनंतर मोबाइलवर रेकॉर्डिंग ऐकत बसता, त्या लोकांनी न ऐकता 'मशीन हेड' हा अख्खा अल्बम केला. साउंड इंजिनियर मार्टिन बर्चची कमाल अर्थात, त्याने ट्रकमध्ये बसून ते सगळं असं पकडलंय की आज पण पेसचा स्नेअर ड्रम कानात टक्कन वाजतो.

दोन-अडीच आठवड्यांत काम संपत आलं तेव्हा लक्षात आलं की अल्बम काही मिनिटांनी कमी भरतोय. मग आठवलं, अरे तो पॅव्हिलियनमधला रिफ पडून आहे की! त्यावर आगीची हकिगत लिहून टाकली. भर घालायला घेतलेलं गाणं ते.

'हायवे स्टार' बसमध्ये लिहिलं हे खरं का?

हो, १९७१ मध्ये पोर्ट्समथला कार्यक्रमाला जाताना एका पत्रकाराने विचारलं तुम्ही गाणी कशी लिहिता, ब्लॅकमोरने गिटार उचलली आणि हे असं म्हणून वाजवायला लागला, गिलन त्यावर तोंडाला येईल ते गायला. संध्याकाळी स्टेजवर वाजवलं पण.

म्हणजे 'स्मोक ऑन द वॉटर'मुळे ते फेमस झाले, बरोबर?

चूक! सगळ्यात जास्त वेळा दुरुस्त करावी लागणारी गोष्ट ही. 'मशीन हेड' मार्च १९७२ मध्ये आला आणि इंग्लंडमध्ये लगेच पहिल्या नंबरवर गेला, तेव्हा 'स्मोक' हे फक्त अल्बममधलं एक गाणं होतं. बँडला वाटत होतं की हिट होणार 'नेव्हर बिफोर', सिंगल म्हणून तेच काढलं, ३५ व्या नंबरला जाऊन बसलं. आज कोणाला गुणगुणता येतं ते सांगा. मला येतं, पण मी वेडा आहे.

'स्मोक' अमेरिकेत सिंगल म्हणून आलं मे १९७३ मध्ये, म्हणजे अल्बमनंतर वर्षभराने, कारण लोक कार्यक्रमांत त्यासाठी वेडे व्हायला लागले होते आणि रेडिओवाले त्याचं लाइव्ह रेकॉर्डिंग वाजवत होते. चौथ्या नंबरपर्यंत गेलं. इंग्लंडमध्ये तर ते १९७७ मध्ये सिंगल म्हणून आलं, बँड फुटून गेल्यावर!

आता तारीख बघा. गाणं अमेरिकेत वर चढतंय तो जून-जुलै १९७३. आणि गिलनने बँडबरोबर शेवटचा कार्यक्रम केला २९ जून १९७३ ला, ओसाकामध्ये. ज्याने गायलं तो घरी आणि गाणं टॉप पाचमध्ये. याला म्हणतात दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत.

मग खरं श्रेय कशाला द्यायचं?

माझं मत, 'मेड इन जपान'ला. आणि त्याच्या मागच्या तीन वर्षांच्या गाढव मेहनतीला. १९७० ते १९७३ हे लोक घरी असे राहिलेच नाहीत, टूर, अल्बम, टूर, एकट्या १९७२ मध्ये अमेरिकेच्या किती फेऱ्या. गावोगाव वाजवून प्रेक्षक जमवलेला आहे, एकेक थिएटर करत, आपल्याकडे नाटकवाले दौरा करतात तसा.

ऑगस्ट १९७२ मध्ये जपानला गेले, १५ आणि १६ ला ओसाका, १७ ला टोकियोचा बुडोकान हॉल. जपानच्या कंपनीला तिथल्या तिथे विकायला एक लाइव्ह अल्बम पाहिजे होता. बँडला काही उत्साह नव्हता, ते म्हणाले करा, पण माणूस आमचा. मार्टिन बर्च गेला. मिक्सिंगच्या वेळी ब्लॅकमोर आणि गिलन फिरकले पण नाहीत. आणि तो अल्बम आजही लाइव्ह अल्बमांचा बाप मानला जातो. अमेरिकेत सहाव्या नंबरपर्यंत गेला. त्यात गिलनचा आवाज आणि ब्लॅकमोरची गिटार एकमेकांना वेडावून दाखवतात ती जागा ऐका, 'स्ट्रेंज काइंड ऑफ वुमन'मध्ये. सवाल-जवाब आहे अक्षरशः.

मामाकडे त्याची कॉपी केलेली साठ मिनिटांची कॅसेट होती. मूळ अल्बम दोन रेकॉर्डचा, सव्वा तासाचा, तो साठमध्ये मावणार कसा? शेवटचं 'स्पेस ट्रकिन', वीस मिनिटांचं, एक अख्खी बाजू, ते टेपवर आलंच नाही. कॉलेज संपेपर्यंत मी समजत होतो की अल्बम 'लेझी'वर संपतो. पहिल्यांदा सीडी लावली आणि 'लेझी' संपल्यावर उठलो, तर पाठीमागून पेसने परत सुरुवात केली. दचकलो शब्दशः.

जगातला सगळ्यात जास्त आवाजाचा बँड हा किताब खरा?

गिनेस बुकात नोंद होती, १९७२ चा लंडनच्या रेनबो थिएटरमधला कार्यक्रम, ११७ डेसिबल. आता गणपतीतल्या डीजेपुढे उभं राहिलेल्या माणसाला ११७ सांगून काय उपयोग म्हणा.

एवढं सगळं जमलेलं असताना फुटले का?

गिलन आणि ब्लॅकमोरचं पटेना, आणि सगळेच दमले होते. गिलनने डिसेंबर १९७२ मध्येच राजीनाम्याचं पत्र दिलं होतं, सहा महिने आधी, आणि तरी कोणी त्याला बसवून समजावलं नाही, हे मला कळत नाही. दोन महिने सुट्टी दिली असती सगळ्यांना तर... असो. ग्लव्हरलाही जावं लागलं. जागेवर आले ग्लेन ह्यूज आणि डेव्हिड कव्हरडेल, हा कव्हरडेल उत्तर इंग्लंडमध्ये कपड्यांच्या दुकानात काम करणारा अनोळखी पोरगा, टेप पाठवली आणि सिलेक्ट झाला. १९७४ मध्ये 'बर्न' आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये कॅलिफोर्निया जॅम, दोन लाखांच्या घरात पब्लिक, ब्लॅकमोरने टीव्हीच्या कॅमेऱ्यात गिटार खुपसली आणि अँपला आग लावून स्फोट केला. व्हिडिओ आहे, बघा, पण घरी करू नका. १९७५ मध्ये ब्लॅकमोर गेला, १९७६ मध्ये दुकान बंद. १९८४ ला मार्क टूवाले परत एकत्र आले, परत भांडले. लॉर्ड २०१२ मध्ये गेला. २०१६ मध्ये त्यांना रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये घेतलं, लॉर्ड गेल्यावर चार वर्षांनी, यावर मी काही बोलत नाही, बीपी वाढतं.

लेड झेपलिन, ब्लॅक सॅबथ हे तेव्हाचे दुसरे बँड मोठे की पर्पल?

पुढचा प्रश्न.

बरं, तो रिफ मी बरोबर वाजवतोय का?

बहुतेक नाही. तू सगळ्यात जाड तारेवर एकेक सूर वाजवतोयस, शून्य-तीन-पाच, शून्य-तीन-सहा-पाच. ऐकायला ओळखू येतं, पण मूळ रिफ दोन तारांवर एकदम आहे, चौथी आणि तिसरी, तेच आकडे, दोन्ही तारांवर सारखे. आणि पिकने, म्हणजे तार छेडायच्या त्या चिपटीने, खरवडायचं नाही, दोन बोटांनी दोन्ही तारा एका वेळी चिमटीत धरल्यासारख्या उचलायच्या. ब्लॅकमोर तसंच वाजवतो. पिकने वाजवलं की एक तार आधी, एक नंतर, किंचित फरक पडतो आणि तो कडकपणा जातो. शिवाय घाई करू नका, ते गाणं वाटतं त्यापेक्षा हळू आहे. पाय आपटत म्हणा, मग वाजवा.

सर, अँपवर वाजवलं की खालच्या मजल्यावरचे काका वर येतात. काय करू?

भिंतीला गादी लाव. तरी आले तर टेक संपेपर्यंत धाकट्या भावाला दारापाशी उभा कर.